नदीसमोरचे घर, थडग्यासह

सायगॉन, ३ मार्च १९९६

प्रिय सातवे मामा,

तेतच्या सणाला येऊन गेले आणि पोचल्याचं साधं पत्रही टाकलं नाही. रागावला असाल. रागवा, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गल्लीत भिंतींवर खडूच्या खुणा पडल्यात. रस्ता रुंद होणार, आमची खोली त्यात जाणार. मालक म्हणतो, पावसाळ्याआधी बिऱ्हाड हलवा. विनच्या कारखान्याजवळ एक खोली मिळते आहे, वर पोटमाळा. पोटमाळा तुमचा, हे मी विनला लग्नाआधीच सांगून ठेवलंय. पण ती खोली हाती यायची तर आईचं घर विकावं लागेल. घर माझ्या नावावर असलं तरी आई गेल्यापासून तुम्ही ते राखलंत, म्हणून आधी तुम्हाला विचारते.

मी पेपरातल्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसते हे तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर लोकांची घरं, मोटारसायकली आणि हरवलेली कुत्री लिहून घेते. एवढं कळलंय की घर भिंतींवर विकलं जात नाही, पहिल्या ओळीवर विकलं जातं. तुम्हाला लिहायची हौस आहे, तर मला घर लिहून पाठवा. पुढे काय, मागे काय, झाडं कुठली, वारा कुठून येतो. चांगलं तेवढंच लिहा. वाईट ते गिऱ्हाईक स्वतःच हुडकून काढतं, त्यासाठी आपण शाई का नासायची?

खोकल्याला आलं आणि मध घेताय ना?

तुमची लुआ


सोम बान, ११ मार्च

लुआ पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी झेंडूच्या टोपल्या होडीत चढवत होतो. हात मातीने भरलेले, म्हणून पोस्टमनलाच वाचायला लावलं. पोटमाळ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "सातवे, तुमची चैन आहे." मी म्हटलं, "चैन कसली बाबा, कबुतराला वरचा खण मिळतो तसा मला मिळतोय."

विचारलंस, बरं वाटलं. पण घर तुझंच. माझ्या पाचव्या ताईने, तुझ्या आईने, ते तुझ्या नावावर केलं तेव्हा मी समोर बसलो होतो. मी इथे राहतो ते टाकलेल्या शंखात खेकडा राहतो तसा. शंख कोणी उचलला तर खेकड्याने तक्रार करू नये.

आता घर ऐक. तीन खणांचं, लाल कौलांचं. खांब जुन्या काळ्या लाकडाचे, अजून नखाने ओरखडा उठत नाही. पुढे ओटा, ओट्याखाली अंगणात पावसाच्या पाण्याचे रांजण ओळीने मांडलेले. मागे झेंडू आणि शेवंतीचे वाफे. उजव्या अंगाला दुधफळाचं झाड, त्याच्या सावलीत तुझी आई. सणाआधी मी तिच्या थडग्याला निळा रंग दिला. शेजारची म्हातारी म्हणाली, तुमच्या ताईला निळा आवडायचा नाही. मी म्हटलं, आता तिला विचारून येतेस का?

पुढची बाजू मात्र तुझ्या लहानपणीसारखी राहिली नाही, ते तू पाहिलंसच. तेव्हा अंगणापुढे पेरूची बाग होती, मग रस्ता, मग शाळेचं मैदान, आणि त्याच्याही पलीकडे नदी. मैदान गेलं, रस्ता गेला, पेरूही गेले. गावाने घरांच्या मागून नवा रस्ता काढला. जुन्या रस्त्यावरून आता मासे चालतात. अंगण आहे अजून, बरंचसं. वारा मात्र सरळ येतो, मधे अडवायला काही उरलंच नाही.

समोर वाळू उपसणाऱ्या बोटी दिवसभर घुरघुरत असतात. पेल्यातला चहा थरथरतो. पोरी, नदीला भूक लागलीय. तिच्या ताटातली वाळू हे लोक काढून नेतात, मग ती काठ खाते. हेही लिही जाहिरातीत. सांगून टाकलं की आपली झोप आपल्याला लागते.

आलं घेतो. मध मुंग्यांनी घेतला.

सातवा मामा


सायगॉन, २० मार्च

मामा,

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीवरच्या साऱ्या पोरींना वाचून दाखवलं. जुन्या रस्त्यावरून मासे चालतात म्हटल्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य घेतलं नाही.

तुमच्या दोन कागदांतून मी जे गाळून घेतलं ते हे:

"नदीसमोर तीन खणांचे कौलारू घर, काळ्या लाकडाचे खांब. वारा थेट ओट्यावर. दारात होडी लागते, मागे नवा रस्ता. दुधफळाचे झाड, फुलांचे वाफे. मालकिणीच्या आईचे थडगे बागेतच राहील, वर्षातून एकदा धूप लावू द्यावा ही विनंती."

शेवटच्या वाक्यावरून विनशी भांडण झालं. तो म्हणाला, "थडग्याचं कशाला लिहितेस, गिऱ्हाईक पळून जाईल." शहरात वाढलेला माणूस, त्याला काय कळणार. आपल्या नदीकडचा माणूस ते वाक्य वाचून सावरून बसेल. आईला कोणी वाईट जमिनीत ठेवून जातं का? आपल्याकडे एकदा पुरलेलं माणूस हलवत नाहीत, आणि हलवलं तर समजावं की जमीनच राहिली नाही. शंभर जणांच्या शिफारशीचं काम एक थडगं करतं. हे मी खिडकीवर शिकले नाही मामा, तुमच्याच ओट्यावर बसून शिकले.

भुकेचं तुम्ही लिहिलंत ते मी गाळलं. मनाला लावून घेऊ नका, पण ते नदीचं बोलणं नव्हे, तुमचं आहे. ओटा सोडवत नाही म्हणून नदीला पुढे करताय. मला सोडवला तरी कुठे होता? पोटमाळ्याला खिडकी आहे. खाली बाजार भरतो, तुम्हाला भांडायला माणसं मिळतील.

जाहिरात रविवारपासून लागेल. मी इथलीच म्हणून, मी काढा म्हणेपर्यंत ती चालू ठेवणार आहेत.

लुआ


सोम बान, १४ एप्रिल

लुआ पोरी,

तुझी जाहिरात चालते आहे. इतकी चालते की मी चहा करून थकलो. परवा एक जोडपं आलं, ते ठरल्यासारखंच आहे.

तो थुआन. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, बोटांत ग्रीस असं मुरलेलं की हात धुतले तरी मळकेच. दारात होडी लागते हे वाचून आला. बायको सेन, पोटुशी आहे, पाठीला हात लावून चालते. तिचं माहेर खालच्या बेटावर होतं. होतं म्हणते, कारण ते बेट नदीने नेलं. म्हणून मला वाटलं, हिला सांगितलं तर ही समजेल.

मी थुआनला म्हटलं, "पोरा, हा काठ खरा नाही."

तो म्हणाला, "मामा, नदीकाठचा कुठला म्हातारा असं म्हणत नाही? माझा बाप जन्मभर हेच म्हणायचा, आणि त्याच काठावर पिकून मेला."

"अंगणातली ही भेग बघ."

"उन्हाने तडकलंय. पाऊस पडला की मिटेल."

"पाऊस पडला की मोठी होईल."

"तुम्हाला विकायचंय की नाही?" तो हसत होता.

तोवर सेन तुझ्या आईजवळ जाऊन धूप लावून आली. ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "आमच्याकडे काठ गेला त्या साली लोकांनी आधी थडगी हलवली. घरं नंतर. रडत होते ते थडग्यांसाठी, घरांसाठी नाही. लुआताई आईला इथे ठेवून जातायत, मग आम्हाला कशाला भिववता मामा? तुम्हालाच सोडवत नाही ना? मग राहा की. मागच्या खोलीत राहा. लेकराला आजोबा होतील."

बघ आता. तूही तेच म्हणतेस, तीही तेच म्हणते. मी रात्रभर विचार केला की खरंच तसं आहे का. असेलही थोडं. आंबट माशाच्या रश्श्यात आंबट असतंच, पण मासाही असतो. मला ओटा सोडवत नाही हे खरं, आणि भेग वाढतेय हेही खरं. महिन्यापूर्वी ती अंगणाच्या कडेला होती. आता रांजणांच्या ओळीखालून जाते. कडेचे दोन रांजण एकमेकांकडे कलले आहेत, म्हातारे कुजबुजतात तसे.

त्यांना बोललो तर शब्द वाऱ्यावर जातात. ते थडग्याकडे बघतात आणि थडगं म्हणतं, या, बसा. म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुझ्या आईला इथून काढू. पॅगोडाच्या मागे उंचावर जागा आहे, भिक्खू हो म्हणालेत. पहिली कुदळ पोटच्या लेकराची लागते, म्हणून तू ये. ताईला हलवलेलं दिसलं की मला तोंड उघडावं लागणार नाही.

सातवा मामा


सायगॉन, २२ एप्रिल

मामा,

नाही. मी तुम्हाला कधी नाही म्हटलं नसेल, पण आज म्हणते.

इंजिनवाल्यांनी बयाणा दिला तो मी खोलीच्या मालकाला देऊन टाकला आहे. आमच्या गल्लीत यंत्र आलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याचं दुकान गेलं. आणि तुम्ही म्हणता आईला उकरून काढू, आणि तेही सगळ्या गावासमोर. मग ते जोडपं जाईल. नंतर येणारंही जाईल. त्या घराला मग कुणी फुकट घेणार नाही हे तुम्हाला समजतंय ना?

इंजिनवाला थुआन समजदार दिसतो. धडधाकट माणूस आहे, हवं तर बांबू ठोकून काठ बांधेल. तुम्ही त्यांना भिववू नका, एवढंच करा.

कागदावर सह्या होऊ द्या. त्या झाल्या की लगेच आईला पॅगोडाच्या जागेत नेऊ. मी स्वतः येईन, पहिली कुदळ मीच मारेन. शब्द देते.

लुआ


सोम बान, ५ मे

लुआ,

"सह्या झाल्या की लगेच." मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. काठ बांधता येत असेल तर लगेच कशाला, पोरी?

म्हणजे तुलाही ठाऊक आहे. मी इतके दिवस तुला पटवतोय म्हणून शाई घालवली, आणि तू आधीपासूनच पटलेली. ओरडत नाही तुझ्यावर. खोलीखालून जमीन काढून घेतली की माणूस दुसऱ्याच्या जमिनीकडे बघत नाही, हे मला समजतं. पण आता इथलं ऐक.

सेनचे दिवस भरत आलेत म्हणून ते दोघं सह्यांची वाट न बघता राहायला आले. मी मागच्या खोलीत. तुझ्या जाहिरातीचं कात्रण सेनने आरशाच्या चौकटीत खोचलंय. त्यात वारा थेट ओट्यावर असं लिहिलंय, म्हणून बाळाची झोळी तिने पुढच्या खणात टांगली, नदीच्या बाजूला. बाळ अजून यायचंय, तर दुपारी स्वतःच तिच्या कडेला टेकून डुलत असते. मी म्हटलं, "मागे टांग, मागे गारवा असतो." म्हणाली, "मामा, मागे तुमच्या खोकल्याचा आवाज येतो." तिचं बरोबर आहे. खोकला वाढलाय.

वाळूच्या बोटी समोरून निघून गेल्या. थुआनला आनंद झाला, "बघा, शांत झालं की नाही." मी बोटीवरच्या माणसाला आरोळी देऊन विचारलं तर म्हणतो, "इथे आता तळ लागत नाही, आजोबा." पेल्यातला चहा थरथरत नाही. खंड्या पक्षी काठातल्या बिळांत दरवर्षी पिल्लं काढतात. यंदा अंडी टाकून गेले. दारासमोर पाणी गोल फिरतं, केळीची पानं येतात आणि तिथेच बुडतात, पुढे जात नाहीत.

कलते दोन रांजण मी रिकामे केले, वजन नको म्हणून. सकाळी एक होता.

ये. आठवडाभर वाट बघेन. त्यानंतर तू नसलीस तरी मी ताईला उठवणार.

मामा


सायगॉन, ११ मे

मामा,

हो, ठाऊक होतं. तेतला होडीतून उतरले तेव्हा मी घाटाच्या पायरीवर पाय ठेवायला गेले आणि खाली पायरीच नव्हती. तुम्ही हात दिलात, म्हणालात, "जपून, नदीने जिना नेलाय." तेव्हाच ठाऊक झालं. खोटं बोलले नाही मी. जाहिरातीत एकही शब्द खोटा नाही, तुम्ही पुन्हा वाचून बघा. वारा येतो, होडी लागते, थडगं आहे.

काल आमच्या शेजारची भिंत पाडली. तीच आमचीही भिंत होती. आता आमच्या खोलीला तीन भिंती आणि चौथ्या जागी निळं प्लास्टिक. विन नुसता सिगारेटी ओढतो. हे सांगून दया मागत नाही. नुसतं सांगते.

तुम्ही ऐकणार नाही हे मला कळतंय, आणि आईने नदीत जावं असं मलाही वाटत नाही. तर मग असं करा. रीतीप्रमाणे अंधारात करा, उजाडायच्या आत. हाडांना ऊन लागू देत नाहीत, तेव्हा कुणाला नवल वाटायचं नाही. दोन भरवशाची माणसं घ्या. आईला घेऊन जा आणि माती परत ओढून ठेवा. वरचं बांधकाम, निळा रंग, धुपाची वाटी, सगळं जसंच्या तसं ठेवा. आत कुणी नाही हे तुम्हाला आणि मलाच माहीत राहील. सह्या पुढच्या आठवड्यात आहेत. तेवढा एक आठवडा.

हे लिहिलं आणि पाकीट चिकटवायच्या आत पुन्हा वाचलं. तरी पाठवते आहे.

लुआ


सोम बान, १९ मे

लुआ पोरी,

तुझं पत्र मिळालं. मग मी काय केलं ते ऐक.

भर दुपारी केलं. भिक्खूंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, "सातवे, हे रीतीला सोडून आहे." मी म्हटलं, "महाराज, अंधारात केलं तर रीत राहील आणि माणसं जातील." त्यांनी मग स्वतःच ताडपत्री आणली. चार खांबांवर ती ताणली, खाली गडद सावली केली, ताईला ऊन लागलं नाही. गावातली चार माणसं कुदळी घेऊन आली. शेजारच्या म्हातारीने स्वतःच्या घराकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. थोड्या वेळाने भांडी बांधल्याचा आवाज यायला लागला.

पहिली कुदळ मी मारली. मारताना म्हटलं, "पाचव्या ताई, लुआला यायला जमलं नाही, मी आलोय. ऊठ, बिऱ्हाड हलवायचंय." मोठ्याने म्हटलं, तुला ठाऊक आहे मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी सगळंच मोठ्याने म्हणतो. तांदळाच्या दारूने हाडं धुतली. तिच्या हातातलं जेडचं कांकण तसंच होतं. ते तिच्याबरोबरच ठेवलं.

सेन ओट्यावर उभी होती. थुआन धावत आला, "मामा, हे काय चालवलंय, आमचा सौदा झालाय." मी हात चालूच ठेवले. सेन त्या खड्ड्याकडे बघत होती. मग एवढंच विचारलं, "लुआताईंना माहीत आहे?"

मी म्हटलं, "तिनेच सांगितलं. म्हणाली, आईला आधी काढा, मग त्या दोघांना आपोआप कळेल."

ती आत गेली आणि पुढच्या खणातली झोळी सोडायला लागली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. थुआन थोडा वेळ बडबडला, थडग्याच्या जागी जाऊन बसला, मग उठून यंत्रं होडीत चढवायला लागला. जाताना म्हणाला, "मामा, चला." मी म्हटलं, "मागून येतो." ती दोघं वरच्या अंगाला, सेनच्या मावशीकडे गेली आहेत. परवा निरोप आला, मुलगी झाली.

आता मी तुझ्या नावावर एक चांगली गोष्ट मांडून ठेवली आहे, लुआ. खोटी आहे. ती खरी करायची तर तुझ्याच हातात आहे, कारण जाहिरात अजून हिंडतेच आहे. रोज कुणीतरी कात्रण घेऊन येतं. आपल्याकडचे असले तर खड्डा बघतात आणि ओटाही चढत नाहीत. पण काल सायगॉनचा एक गृहस्थ आला, काळा चष्मा, पांढरे बूट. खड्डा बघून खूश झाला. "थडगं हलवलंत? उत्तम, तेवढीच अडचण होती." मी त्याला भेग दाखवली, त्याने तिचा फोटो काढला. म्हणाला, मुलांना सुट्टीत आणीन, तुमच्या भाचीला खिडकीवरच गाठतो. भला माणूस होता, मला खोकल्याच्या गोळ्या देऊन गेला.

बघ, आपल्या माणसांना जे ओरडून सांगायचं ते थडग्याने सांगितलं, आणि त्याच थडग्याने परक्याला आवतण दिलं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

म्हणून मी अजून इथे आहे. रागावू नकोस. दार उघडं आणि घर रिकामं दिसलं की माणसं आत शिरतात, मुलं पुढे पळतात. कुणीतरी ओट्यावर बसून नाही म्हणायला हवं. शेजारी सगळे गेले, त्यामुळे नाही म्हणायला मी एकटाच आहे. अंगण आता उरलं नाही. ओट्यावरून पाय सोडून बसलो तर खाली पाणी दिसतं. पाऊस सुरू झालाय.

जेवणाचं म्हणशील तर सुकी मासळी आहे, तांदूळ आहे. मजेत आहे.

सातवा मामा


सायगॉन, २५ मे

मामा,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं, आणि तुमचा पांढऱ्या बुटांचा माणूस आज सकाळीच खिडकीवर येऊन गेला. पत्र हातात नव्हतं तेव्हा. त्याने फोटो दाखवला. भेगेचा फोटो, आणि कोपऱ्यात ओट्यावर तुम्ही. केवढे वाळलात. तो म्हणाला, "आजोबा विनोदी आहेत, घरापेक्षा मला तेच आवडले." मुलं किती मोठी म्हणून मी विचारलं. म्हणाला, एक पाच वर्षांची, एक नुकता चालायला लागलाय, घरात थांबतच नाही.

मागे माणसांची रांग होती. मी त्याला सगळं सांगितलं. घाटाची पायरी सांगितली, थडग्याचा अर्थ सांगितला, तुम्हाला अंधारात काय करायला लिहिलं होतं तेही सांगितलं. त्याने काळा चष्मा काढला. शेजारच्या खिडकीतल्या पोरीने लिहायचं थांबवलं. मग तो रांगेतून बाहेर गेला. विनला संध्याकाळी सांगितलं, खोली गेली. तो म्हणाला, "बरं." सिगारेट विझवली आणि म्हणाला, "मामांना आण. जागा नंतर बघू." थुआनचा बयाणा कसा परत करायचा तेही तोच बघणार आहे.

जुनी जाहिरात मी काढून टाकली. गावच्या कार्यालयात फोन करत होते. वाजतो, उचलत कुणी नाही. संध्याकाळी बदलून दुसरीकडे लावला, फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या चहावाल्याकडे, तर तो म्हणतो, कार्यालय मागे हलवलं, कालपासून तुमच्या बाजूला होड्या जात नाहीत, भोवऱ्याला भितात. मी म्हटलं, तिथे माझे मामा आहेत. तो म्हणाला, "ते झेंडूवाले? काल ओट्यावर कंदील दिसत होता."

मी पहाटेच्या बसने निघते. हे पत्र माझ्यानंतरच पोचेल, तरी लिहिते आहे, कारण रात्र जात नाही. पण पेपर माझ्या बसच्या आधी निघतो. पहाटे तो सगळ्या धक्क्यांवर, सगळ्या चहाच्या टपऱ्यांवर असतो, आणि होडीवाले चहा पिताना पहिलं पान सोडून छोट्या जाहिराती वाचतात हे मला माहीत आहे. म्हणून छापखान्यात स्वतः जाऊन उभी राहिले. माणूस म्हणाला, उद्याचं पान भरलं, एक चौकट आहे, नेहमीएवढीच. मी म्हटलं, पुरे. त्याच्या टेबलावर वाकून लिहिलं. एकदाही खोडलं नाही:

"सोम बान, काठावरचे शेवटचे कौलारू घर. विकायचे नाही. बघायलाही येऊ नये, खालची जमीन गेली आहे. ओट्यावर एक म्हातारे बसलेले असतात, माझे सातवे मामा. त्यांना कमी ऐकू येते, मोठ्याने हाक मारावी. त्या बाजूने जो कोणी होडी घेऊन जाईल त्याने त्यांना उचलून आणावे. ते नको म्हणतील. ऐकू नये."

लुआ